एका बटणात दोन कामं

"रॉड्नी, तो कागद घडी करून ठेव! कागद बघून वायरिंग करायला मी काय परीक्षेला बसलोय?"

कॅनडातल्या स्कारबरोत, लेकीच्या गॅरेजमध्ये, नोव्हेंबरच्या थंडीत कानटोपी घालून ग्रेगरी लोपीस यांनी असं जाहीर केलं आणि जावयाने कागदाची घडी केली. करतो काय बिचारा! सासऱ्यांनी वसई फाट्यावर एकतीस वर्षं ट्रकांचं वायरिंग केलं होतं. त्यांच्यापुढे दिव्याची गोष्ट काढायची म्हणजे कोळ्याला मासा दाखवण्यातला प्रकार.

गाडी रॉड्नीची. सुटे भाग खोक्यांतून आणून घरी जोडायची, तसली किट कार. दोन सीटची, बिनटपाची, टोमॅटोसारखी लाल. चार वर्षं ती गॅरेजमध्ये जोडली जात होती आणि चार विंटर इझाबेलाची व्हॅन बाहेर बर्फ खात होती. शेवटी इझाबेलाने नवऱ्याला आणि बापाला एकत्र उभं केलं.

"शनिवारी तुमचा टेम्पररी परमिट संपतो. बारापर्यंत सेफ्टी सर्टिफिकेट आणलंत तर खेळणं गॅरेजमध्ये. नाही आणलंत तर माझी व्हॅन आत आणि खेळणं भंगारात! मी आणखी एक विंटर काचा खरवडणार नाही. पप्पा, ऐकताय ना?"

"ऐकतोय गो बाय. अख्खं पॅरिश ऐकतंय."

राहिली होती फक्त दोन बटणं. एक पायाखालचं, डिपरचं. दुसरं डॅशबोर्डवरचं, हॅजर्डचं, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवायचं. ग्रेगरींनी दोन्ही हातांत घेतली आणि त्यांना वसई फाटा आठवला. तिकडे ड्रायव्हर खास येऊन सांगायचे, "मिस्त्री, डिपर मारला की चारही इंडिकेटर नाचले पाहिजेत! समोरच्याला कळू दे कोण येतंय ते!"

त्यांनी दोन्ही वायरी प्रेमाने एकत्र पिळल्या आणि वरून काळी टेप गुंडाळली. डॅशबोर्डवरचं बटण शोभेला ठेवलं. फ्यूजसुद्धा एकच. इंजिनाला तोच, दिव्यांना तोच.

"पप्पा, डायग्राममध्ये चार फ्यूज आहेत."

"चार असले की कुठला उडाला ते शोधत बसावं लागतं. एक असला की कळतं, तोच उडाला!"

शनिवारी सकाळी अकराला गाडी निघाली. काय ऐट! पहिल्याच चौकात समोर ट्रक दिसला आणि ग्रेगरींना राहवेना. "डिपर मार! सरळ जायचंय ना? मग चारही इंडिकेटर दाखव, म्हणजे त्याला समजेल."

"पप्पा, इथे सरळ जायला काही दाखवत नाहीत. नुसतं सरळ जातात."

"मार रे!"

रॉड्नीने पाय दाबला. हेडलाइट भडकले, चारही इंडिकेटर नाचायला लागले. ट्रकवाला थांबला. ग्रेगरींची छाती फुगली. रॉड्नीने पुन्हा पाय दाबला. दिवे तसेच. पुन्हा दाबला. बटण आत गेलं ते रुसलेल्या सुनेसारखं, बाहेर यायला तयार नाही!

"फ्यूज काढू?"

"काढ, आणि मग गाडी ढकलत ने. इंजिन त्याच्यावरच आहे."

निघाले तसेच. आणि मग नवल घडलं. समोरून येणाऱ्या गाड्या बाजूला होऊन थांबायला लागल्या. लाल सिग्नल पडला तरी एका बाईने हात दाखवून पुढे जायला सांगितलं. फुटपाथवरच्या एका म्हाताऱ्याने टोपी काढून छातीशी धरली! ग्रेगरींनी त्याला सलाम ठोकला.

"बघितलंस? एकतीस वर्षांत तिकडे मला कुणी एवढा मान दिला नाही!"

रॉड्नीने आरशात बघितलं. मागे अकरा गाड्या. एकामागे एक. सगळ्यांचे हेडलाइट चालू, सगळ्यांचे इंडिकेटर लुकलुकतायत.

"पप्पा, इथे मयतीच्या गाड्या अशाच जातात! दिवे लावून, रांगेने. लोक वाट देतात. आपण कुणाच्या तरी फ्युनरलच्या पुढे आहोत!"

"मग त्यांना पुढे जाऊ दे."

रॉड्नी हळू झाला. अकरा गाड्या हळू झाल्या. रॉड्नी डावीकडे वळला. अकरा गाड्या डावीकडे. घाबरून तो एका कॉफीच्या दुकानाच्या ड्राइव्ह-थ्रूमध्ये घुसला, म्हटलं इथे तरी सुटका होईल. अख्खी मयत ड्राइव्ह-थ्रूमध्ये आली!

खिडकीतल्या पोरीने दोन कॉफ्या दिल्या, पैसे घेतले नाहीत आणि डोळे ओले करून म्हणाली, "सो सॉरी फॉर युअर लॉस."

"काय म्हणते?"

"म्हणते, तुमच्या दुःखात सहभागी आहे."

"हिला आत्ताच कसं कळलं की गॅरेज जाणार?"

पावणेबाराला ते सेफ्टी तपासणाऱ्या शैलेंद्रच्या वर्कशॉपवर पोचले. शैलेंद्र भोपाळचा. आपल्या अंगणात बारा गाड्या बघून त्याने कपाळाला हात लावला. "अंकल, बारा बजे बंद करता हूँ! पूरी बारात ले आये?"

"बारात नहीं रे बाबा. उलटा है."

शैलेंद्रने ब्रेक बघितले, टायर बघितले, दिवे बघितले. "हाय बीम पास. हॅजर्ड पास. बंद होने में फेल! पंद्रह मिनट में दोनों वायर अलग कर दो, सर्टिफिकेट दे दूँगा."

"पंधरा कशाला, दहा पुरे!" ग्रेगरी डॅशबोर्डखाली शिरले. पाय बाहेर, डोकं आत. तेवढ्यात त्या पायांशी कुणीतरी खाकरलं. काळा कोट घातलेली एक ठेंगणी म्हातारी, हातात कॉफी.

"एक्सक्यूज मी. हॅरल्ड इथे आहे का?"

हळूहळू उलगडा झाला. सिग्नलला शववाहिका पुढे गेली आणि ही रांग मागे राहिली. मग दिवे लुकलुकवणारी लाल गाडी दिसली. हॅरल्ड म्हणजे बाईंचा नवरा, आजचा मयत. तो जन्मभर म्हणायचा, माझ्या मयतीला काळी गाडी नको. बाईंना वाटलं, त्याने जाता जाता गुपचूप व्यवस्था करून ठेवली!

"सगळे बाहेरगावचे," बाई म्हणाल्या. "सेमेटरीचा रस्ता कुणालाच माहीत नाही. गाडी मला येते, पण तिकडे मी नेहमी हॅरल्डच्या शेजारी बसून गेले. रस्ता तो बघायचा." त्यांनी सेमेटरीचं नाव सांगितलं.

ग्रेगरी डॅशबोर्डखालून बाहेर आले. त्यांची बायको फिलोमिना तिथेच निजली होती. गेली सहा वर्षं दर रविवारी दोन बस बदलून ते जात होते.

"पप्पा, दहा मिनिटं!" रॉड्नी कळवळला. "वायर तोडा, सर्टिफिकेट घेऊ, मग रस्ता दाखवू."

"आणि वायर तोडून गाडी लगेच चालू नाही झाली तर? अरे, तो माणूस तिकडे एकटा वाट बघतोय. मयताला ताटकळत ठेवून मी कागद घेत बसू? उद्या फिलोमिनाला काय तोंड दाखवू? चल, काढ गाडी."

"इझाबेला मला मारेल."

"मग तुझ्याही मयतीला हीच गाडी!"

निघाले. हेडलाइट भडकलेले, चारही इंडिकेटर नाचतायत, मागे अकरा गाड्या. ग्रेगरी बसच्या थांब्यांवरून रस्ता सांगत होते. "इथे माझी बस चुकते, इथून उजवीकडे... त्या पिवळ्या बाकापाशी डावीकडे..." सगळं स्कारबरो थांबून वाट देत होतं आणि या वेळेला दिव्यांत काहीही चूक नव्हती.

हॅरल्डला माती दिली तेव्हा पाऊण वाजला होता. शैलेंद्रचं शटर खाली.

संध्याकाळी इझाबेलाने सगळं ऐकून घेतलं. "पप्पा, चांगले दिवे लावलेत!" एवढंच म्हणाली, आणि व्हॅन गॅरेजमध्ये घातली. पण भंगारवाल्याला फोन काही केला नाही. करायची गरजही उरली नाही, कारण रविवारी त्या ठेंगण्या बाई दारात हजर! हॅरल्डचं गॅरेज रिकामं पडलंय, म्हणाल्या, लाल गाडी तिथे ठेवा. त्याला आवडेल.

गाडी टो ट्रकवर चढून तिकडे गेली. ग्रेगरी आता बसऐवजी बाईंच्या गाडीतून सेमेटरीला जातात. एवढ्या उपकारांची फेड म्हणून त्यांनी बाईंच्या दारावरची बंद पडलेली बेल दुरुस्त करून दिली. कागद न बघता.

आता कुणीही बेल दाबली की गॅरेजचं दार उघडतं.