सगळ्यावर चालणारा रंग

"रंगाच्या बाबतीत मला शिकवू नकोस!" असं बायकोला ठणकावून रंगवाला घराबाहेर पडला. चोवीस वर्षं लोकांच्या भिंतींसाठी दुकानात रंग मिसळून देणारा माणूस, तो असंच बोलणार. आणायचे होते फक्त बूट. मेंढीच्या कातड्याचे, आतून जाडजूड लोकर असलेले.

बायको कोल्ड स्टोरेजमध्ये फळांच्या पेट्या तपासायची. गार फरशीवर आठ-आठ तास उभं राहून गेल्या वर्षी तिच्या पायांची बोटं निळी पडली होती. "पाय उबदार ठेवा, नाहीतर नोकरी सोडा," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आणि सोमवारपासून तर ती तिथली मुख्य होणार होती! तिची अट एकच.

"अहो, कामाच्या निळ्या कोटावर, घरातल्या कपड्यांवर, लग्नाकार्यात, सगळ्यावर चालेल असा रंग बघा. बदामी मिळाला तर उत्तम. भलतंच काही आणलंत तर मी घालायची नाही, आधीच सांगते!"

ती खरंच घालायची नाही. त्याने तीन वर्षांपूर्वी आणलेला स्वेटर अजून पिशवीतच होता.

म्हणून दुकानात त्याने अर्धा तास घेतला. खिशातलं शेडकार्ड काढलं, एकेक बूट दारातल्या उजेडात नेला, डोळे बारीक केले. दुकानदार कंटाळून म्हणाला, "साहेब, हा घ्या की बदामी!"

"नको. याच्यापेक्षा एक शेड फिका द्या," रंगवाला म्हणाला, आणि जाणकारासारखा हसला.

घरी लेकीने खोकं उघडलं.

"बाबा, हे तर पांढरे आहेत!"

"थोडा धीर धर गं. वाळले की..."

आणि त्याने कपाळावर हात मारला. भिंतीचा रंग वाळला की गडद होतो, म्हणून गिऱ्हाइकाला नेहमी एक शेड फिका द्यायचा, ही त्याची चोवीस वर्षांची सवय. बूट कशाला वाळतील? ते ओले होतेच कुठे!

त्याने घाईघाईने दुकानात फोन लावला. "सवलतीतला माल परत घेत नाही," दुकानदार म्हणाला, आणि त्याच्या आवाजात त्या अर्ध्या तासाचा सूड होता. घड्याळात साडेचार. बायको सहाला येणार. तिची निळी बोटं त्याच्या डोळ्यांसमोरून हलेनात.

"बाबा, आईला सरळ सांगून टाका ना!"

"गप्प बस. तपकिरी स्टेनर आण!"

त्याने पाण्यात त्या दाट रंगाचे चार थेंब टाकले आणि उजव्या बुटावर ब्रश फिरवला. बूट एकदम गडद झाला. "बाप रे! वाळल्यावर तर काळाच पडेल!" म्हणून डाव्याला त्याने नुसता पुसटसा हात मारला. पण कातड्याची रीत भिंतीच्या बरोबर उलटी निघाली. वाळता वाळता दोन्ही बूट फिके व्हायला लागले! मग त्याने डाव्याला दुसरा हात दिला. तो जास्त झाला, म्हणून उजव्यालाही दुसरा. तो पुढे गेला, म्हणून पुन्हा डाव्याला. लेक केस वाळवायचं यंत्र धरून उभी होती आणि हसू दाबून तिचे खांदे गदगदत होते. शेवटी एक बूट बदामी झाला आणि दुसरा जळक्या पावासारखा.

सहा वाजायला दहा मिनिटं असतानाच दार वाजलं.

बायकोने बुटांकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या तपकिरी हातांकडे पाहिलं.

"चुकलं माझं," तो एका दमात म्हणाला. "रंग साफ बिघडला. पण तू घाल गं! वरून काळे मोजे चढव, कोट लांब घाल, कुणाला दिसणार नाही. यंदा तुझे पाय गारठलेले मला बघवायचे नाहीत."

बायकोचा चेहरा जरा निवळला. ती खुर्चीत बसली आणि तिने बदामी बुटात पाय घातला. पाय आत गेला, आणखी आत गेला, आणि पुढे चार बोटं जागा उरली.

"अहो, माप कितीचं सांगितलंत?"

"नऊ."

"मला पाच लागतो. नऊ कुणाचा?"

दुकानदाराने माप विचारलं तेव्हा त्याचं सगळं लक्ष शेडकार्डात होतं. तोंडाला आलं ते सांगितलं होतं.

तिने दोन्ही बूट त्याच्यापुढे सरकवले. "घाला."

त्याने मुकाट्याने घातले. अगदी मापाचे बसले. आत इतकी छान ऊब होती म्हणता! पण ते बोलून दाखवायची ही वेळ नव्हती.