छप्पनमधलं बाकीचं कोण खातंय?

मोडेमच्या डब्यावर मोठ्या आकड्यात वेग छापला होता, छप्पन. कॉम्प्युटर म्हणत होता, चौदा.

"छप्पनचं पोतं घेतलं आणि घरात आलं चौदा?" रघुजींनी चष्मा वर सरकवला. "बाकीचं वाटेत कोण खातंय?"

यशवंतपूरच्या बाजारात त्यांचा कांद्याबटाट्याचा ठोक धंदा. हमालापासून काट्यापर्यंत सगळ्यांवर संशय घेतच तो वाढला होता. नव्व्याण्णव साल होतं. मुलगा शंभू यानं हौसेनं मोडेम आणून फोनच्या वायरला जोडला होता.

"अप्पा, इंटरनेट म्हणजे पोतं नव्हे."

"सगळं पोतंच असतंय रे. माल कमी आला की गाडीच्या मागं मागं जायचं, सांडलेलं बघत. चोर सापडतोच."

एरवी शंभू हसला असता. पण आज घाई होती. त्याची थोरली बहीण रक्षिता, तिला अमेरिकेतल्या उल्हासचं स्थळ आलं होतं. रक्षिताचा फोटो शंभूनं त्याला आधीच पाठवला होता, त्याचा आज सकाळी ईमेलवर आला होता. संध्याकाळी त्याची आई महादेवपुऱ्याहून फोन करून विचारणार होती, हो की नाही.

"चेहरा बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही," रक्षिता म्हणाली.

"संध्याकाळपर्यंत बघ," रघुजी म्हणाले. "नाही दिसला तर हो सांगतो मी. चांगलं घर आहे."

फोटो वरून खाली उलगडायला लागला. आधी आकाश. मग केस.

"केस आहेत," सोयराबाईंचा, म्हणजे आईचा, अर्धा जीव भांड्यात पडला.

मग कपाळ. कपाळ मोठं होतं. संपेचना. रघुजी कंटाळून उठले. "देवाला हात जोडून येतो."

ते देवघरात गेले आणि भुवया यायच्या आत लाईन तुटली.

शंभूनं परत जोडलं. परत आकाश, परत केस. या वेळी भुवया आल्या. "अजून होईना?" म्हणत रघुजी पुन्हा देवघराकडे. डोळे येणार, तोच लाईन गेली.

"देवाला साकडं घातलं तरी गेली?" देवघरातून आवाज आला.

"दिवाळीपासून किती देवभोळे झालेत ना हे," सोयराबाई कौतुकानं म्हणाल्या. "तास तास पूजा. पडदा ओढून."

पुढच्या खेपेला कपाळावरच थांबलं. आता घरात प्रत्येकाला प्रत्येकाचा संशय यायला लागला. शंभूला मोडेमच्या दुकानदाराचा, रघुजींना टेलिफोनवाल्यांचा. सोयराबाईंना शेजारच्या तुंगाबाईंचा, कारण वायर त्यांच्या गच्चीवरून यायची.

"तीच खातेय! गुपचूप कनेक्शन घेतलं असणार. चला वर, बघू."

"जाऊ दे की," रघुजी एकदम मऊ झाले. "शेजारधर्म आहे."

रक्षितानं त्यांच्याकडे नीट बघितलं. एकेका बटाट्यासाठी भांडणारा माणूस. "अप्पा, तुम्हीच म्हणालात ना? गाडीच्या मागं मागं जायचं."

सगळे गच्चीवर गेले. तुंगाबाई पापड वाळत घालत होत्या.

"तुमच्याकडे आमच्या फोनची वायर गेलीय का हो?" सोयराबाईंनी सरळच विचारलं.

"माझ्याकडे? मला बोलायला कोण आहे, अक्का?" तुंगाबाई भडकल्या. "उलट तुमचाच वायरमन दिवाळीत माझ्या शिडीवरून चढला. तो बघा जोड."

जोड होता. वर काळी पट्टी गुंडाळलेली. तिथून दुसरी वायर फुटून रघुजींच्याच घराकडे परत निघाली होती.

"सरी, ठीक आहे, सापडलं. पुढं काही नाही," रघुजी जिन्याकडे वळले.

"वायर अजून संपली नाही, अप्पा."

वायर भिंतीवरून उतरली, खिडकीच्या फटीतून आत शिरली आणि देवघरात संपली. शंभूनं देव्हाऱ्यामागचा पडदा बाजूला केला. लाल फोन. आवाज होऊ नये म्हणून आतली घंटी काढलेला.

मग रक्षिता म्हणाली, "तुम्ही माझे फोन ऐकत होता?"

"काळजी असतेय ग." रघुजी समईकडे बघत होते. "आणि आज, आज नुसतं उचलून बघत होतो. लाईनवर बसून कोण खातंय ते."

"कोण खातंय कळलं?"

"नुसती खरखर येत होती."

"आणि मी मेली वाटी वाटी प्रसाद करत होते!" सोयराबाईंनी कपाळाला हात लावला.

"हा उचलला की आमची लाईन तुटते, अप्पा," म्हणत शंभूनं वायर उपटली. परत जोडलं. आता तेहेतीस आलं. आकाश, केस, कपाळ, भुवया, डोळे. नाक थोडं वाकडं, पण हसणं बरं होतं. रक्षिता बराच वेळ बघत राहिली. उल्हासनं खाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'तुमचा फोटो कपाळापर्यंतच उघडला. बाकीचा बघायला आवडेल.'

"पण छप्पन नाहीच आलं," शंभू कुरकुरला. रघुजींनी तोंड उघडलं.

"तुम्ही गप बसा हो," सोयराबाई म्हणाल्या. "लाईन जुनी आहे. कांदासुद्धा वाटेत वाळतो."

संध्याकाळी फोन वाजला. रघुजींचा हात पुढे गेला, पण रक्षितानं आधी उचलला. फोन घेऊन ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. रघुजी उठले, सवयीनं देवघरापर्यंत गेले. पडद्याशी थांबले. मग आत जाऊन त्यांनी खरंच हात जोडले.

दुसऱ्या दिवशीपासून त्यांची पूजा दोन मिनिटांत आटपायला लागली.