मामाजींचा लॅपटॉप बोलला

वैशाली नगरात कोणाचाही लॅपटॉप अडला की लोक आधी मला हाक मारतात, मग दुकानात जातात! मी ललिता. शाळेत कॉम्प्युटर शिकवते आणि गेल्या दिवाळीपासून मला लिनक्सचं वेड लागलंय. विंडोजऐवजी टाकायचं हे लिनक्स फुकट मिळतं, म्हाताऱ्या लॅपटॉपलाही पळायला लावतं आणि व्हायरसची कटकट जवळपास नाहीच. एवढं गळा फाडून सांगूनही कॉलनीत एकानं ते घेतलं असेल तर शप्पथ!

शेवटी मी घरातूनच सुरुवात केली. माझे सासरे शालिकराम, म्हणजे आमचे मामाजी, यांचा लॅपटॉप सुरू होईपर्यंत कुकरच्या चार शिट्ट्या व्हायच्या. मी त्यात लिनक्स टाकलं, सगळं मराठीत करून दिलं. पंधरा सेकंदांत सुरू! मामाजी खूश. रोज दुपारी दार लोटून दोन बोटांनी काहीतरी टाइप करत बसायचे. काय, ते सांगायचे नाहीत.

मामाजी स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. खाली उभं राहून हातानं इशारे द्यायचे ते कवडूकाका. सव्वीस वर्षांची जोडी! पण तीन वर्षांपूर्वी मामाजींच्या निरोप समारंभात कवडूकाकांनी माइक धरला आणि सांगून टाकलं, की एकदा मामाजी क्रेनच्या केबिनमध्येच झोपले आणि आपण खाली वीस मिनिटं हवेत हात हलवत उभे होतो! सगळा हॉल हसला. आमचे नवे व्याही तर खुर्चीवरून घसरले. त्या दिवसापासून अबोला. घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, पण समोरासमोर आले की एकाला चप्पल नीट करायची असते आणि दुसऱ्याला फोन येतो.

त्यात सेवानिवृत्त मंडळाचं स्नेहभोजन आलं. निमंत्रण लिहिणार सचिव, म्हणजे कवडूकाका, आणि प्रिंटर फक्त आमच्याकडे! रविवारी सकाळी ते अध्यक्ष रामाजींना ढालीसारखं पुढे करून आले. मामाजी खिडकीकडे तोंड करून बसले, कवडूकाका कॅलेंडरकडे.

"रामाजी, त्याले सांगा, तारीख वीस हाय," कवडूकाका म्हणाले.

"रामाजी, त्याले सांगा, मी बहिरा नाई," मामाजी म्हणाले.

वातावरण जरा सैल व्हावं म्हणून मी मामाजींचा लॅपटॉप पुढ्यात ओढून लिनक्सची जाहिरात सुरू केली. "बघा रामाजी काका, माउसची गरजच नाही! नुसती बटणं दाबायची!" आणि पेटी वाजवावी तशी माझी बोटं फिरवली.

"स्क्रीन रीडर चालू," लॅपटॉप म्हणाला.

आवाज असा, जणू सर्दी झालेला माणूस नाक धरून टोकन नंबर पुकारतोय! रामाजींचा चहा पायजम्यावर सांडला.

"कोन बोलून राहिलं हे?"

"काही नाही काका! ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी सोय आहे. पडद्यावरचं वाचून दाखवतं. आत्ता बंद करते!"

बंद कसं करतात ते मला माहीत नव्हतं. पण बारा वर्षं शिकवणाऱ्या बाईनं हे चारचौघांत कसं कबूल करायचं? मी मेनू उघडला. "मेनू," लॅपटॉप म्हणाला. मिटवायला गेले तर भलतीच, मामाजींच्या फाइलींची यादी उघडली. मी घाबरून खालच्या बाणाचं बटण दाबत सुटले आणि लॅपटॉप एकेक नाव वाचत सुटला.

"नातीचा फोटो. कवडू एक. कवडू दोन. कवडू शेवटचं. कवडू खरंच शेवटचं."

कवडूकाकांची मान कॅलेंडरवरून झटकन वळली.

"माह्या नावाच्या चार फाइली!" कवडूकाका उसळले. "रामाजी, हा मले मंडळातून काढाची तक्रार लिहून राहिला!"

"ललिता, बंद कर ते!" मामाजी ओरडले.

"तेच करतेय ना मामाजी!"

"कावून बंद करतं, सूनबाई? उघड! मलेबी समजू दे!"

मामाजींनी लॅपटॉपवर अशी झेप घेतली, की हात बरोबर एंटरवर पडला.

"प्रिय कवडू स्वल्पविराम तू गाढव हायेस उद्गारचिन्ह," लॅपटॉपनं शांतपणे वाचलं.

"ऐकलं? रामाजी, ऐकलं?" कवडूकाका उभेच राहिले.

मामाजी बटणं बडवत होते. पण बोट पडायचं ते खालच्या बाणावर, आणि दर वेळी पुढची ओळ ऐकू यायची.

"तू समारंभात बोलला ते खरं होतं पूर्णविराम. म्हणूनच जास्त राग आला पूर्णविराम."

पुन्हा एक फटका.

"पण माही नोकरी संपेपर्यंत तू ते कोणाले सांगितलं नाई पूर्णविराम. सांगितलं असतं तर मी कवाच घरी बसलो असतो पूर्णविराम."

मामाजींनी हात काढून घेतला आणि पुन्हा खिडकीकडे वळले. मी लॅपटॉप मिटवायला हात घातला, तर कवडूकाकांनी मला थांबवलं.

"कोनतं बटन हाय ते?"

मी दाखवलं. त्यांनी एका बोटानं, कोणाच्या घरची घंटी वाजवावी तसं, हळूच दाबलं.

"पावर हाउस चौकातला टपरीवाला मले पाहून अजून दोन चहा काढतो पूर्णविराम. मी सांगतो स्वल्पविराम कवडू गावाले गेला पूर्णविराम. तीन वर्षं कोणी गावाले राहते का प्रश्नचिन्ह."

कवडूकाकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. बराच वेळ पुसला.

"सूनबाई, मधलं परत लाव. प्लांटनं माहे कान खाल्ले, नीट ऐकू नाई आलं."

"मधलं म्हणजे कुठलं, काका?"

"गाढवाच्या नंतरचं."

मी परत लावलं. मामाजी खिडकीलाच सांगितल्यासारखे म्हणाले, "रामाजी, त्याले सांगा, चारदा लिहिलं. पाठवाची हिंमत नाई झाली."

"रामाजीले कावून सांगतं बे? मी इथंच उभा हावो ना!"

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग दोघं चपला घालून त्या टपरीवर जायला ऑटो शोधायला निघाले. अध्यक्ष रामाजी ओल्या पायजम्यानं एकटेच मला निमंत्रण सांगत बसले. मी पुन्हा सगळ्या बटणांवरून बोटं फिरवली आणि कधीतरी आवाज आला, "स्क्रीन रीडर बंद." मी देवाला हात जोडले.

रामाजींनी ही गोष्ट कॉलनीभर केली असावी; सोमवारी संध्याकाळी पाच जण आपापले लॅपटॉप घेऊन दारात हजर! "लिनक्स पाहिजे!" माझी छाती अशी फुगली म्हणता!

"त्याच्या वेगाबद्दल ऐकलं ना?" मी विचारलं.

"वेगाचं काय करतं, ताई," शेजारचे राजकुमारभाऊ म्हणाले. "ते बोलणारं पाहिजे. साळ्याले काही सांगाचं हाय, माह्या तोंडून निघत नाई."

मी सगळ्यांना बिनधास्त हो म्हटलं. फक्त त्या रविवारी मी नेमकी कोणती बटणं दाबली, ते काही केल्या आठवत नाहीये. आणि कोणाला विचारायची लाज वाटते! गेले चार दिवस शाळेतून आले की दार लावून बटणं दाबत बसते. काल काय दाबलं गेलं कोण जाणे, राजकुमारभाऊंची अख्खी स्क्रीन उलटी झाली. ते आत्ता बाहेर सासूबाईंशी गप्पा मारत बसलेत. मी आतून ओरडून सांगितलंय, "काम चालू आहे!"