चंद्री लिफ्टने वर गेली नाही

मोशीतल्या एका सात मजली सोसायटीच्या मोठ्या लिफ्टमध्ये नानासाहेबांची म्हैस अडकली. पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये. नानासाहेबांसकट!

असं काही घडलेलं नाही.

सोसायटीत कुणालाही विचारा. सगळे एका सुरात 'नाही' म्हणतील. जिथे गाडी कुणी कुठे लावायची यावर दोन माणसांचं एकमत होत नाही, तिथे अख्खी इमारत एका सुरात बोलते, यावरून काय ते समजा. तर जे घडलंच नाही, ते कसं घडलं ते ऐका.

ही जमीन मुळात नानासाहेबांची. इथे आधी कांदा यायचा, मग बिल्डर आला आणि फ्लॅट यायला लागले. नानांनी जमीन दिली, बैल दिले, विहीरसुद्धा बुजवू दिली. चंद्री मात्र दिली नाही. कपाळावर पांढरा चांद असलेली ही म्हैस पार्किंगच्या मागे पत्र्याच्या गोठ्यात राहते. एकही मीटिंग न करता जागा मिळालेली सोसायटीतली ती एकमेव रहिवासी, आणि हेच पुष्कळांना खुपतं. गेल्या वर्षी समितीने ठरावच केला: म्हशीपायी एक जरी गंभीर तक्रार झाली, तरी म्हैस बाहेर. बाहेर म्हणजे आळंदीला, नानांच्या मेव्हण्याकडे.

"त्या मेव्हण्याकडं? जो दुधात पानी घालतो आन् ते बी फिल्टरचं हाय म्हनून थाप मारतो?" नाना गरजले होते. "सातबाऱ्यावर नाव न्हाई राहिलं. दारातली म्हस बी न्यायची? मंग माझ्यात आन् भाडेकरूत फरक काय राहिला?"

यावर समितीकडे उत्तर नव्हतं. ठराव होता.

आता सोसायटीच्या पाण्याचं. मोटर तळाला, पण तिचं पॅनल गच्चीवर. टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हायला हवी. बिल्डरने त्यासाठी बसवलेलं यंत्र वास्तुशांतीच्या आधीच वारलं. त्यामुळे रोज सकाळी कुणीतरी वर उभं राहून मोटर चालू करायची, ती रुसली की तारा चाळवायच्या आणि टाकी भरली की बंद करायची. हे काम पहिल्या मजल्यावरचा ज्योतीराम करायचा. ज्योतीराम लातूरकडचा, चाकणला गाड्यांचे बंपर बनवणाऱ्या कंपनीत मेंटेनन्सला. चंद्रीचं दूध नाना सोसायटीतल्या बऱ्याच घरांना विकायचे; या कामाच्या बदल्यात ज्योतीरामच्या घरी मात्र फुकट पोचवायचे. कागद नाही, सही नाही. पाणी वर, दूध घरी, भांडण कुठेच नाही. एवढं शहाणं काम सोसायटीत दुसरं एकही चालू नव्हतं.

गोम अशी की, ज्योतीराम या कामात नानांपेक्षा भारी मुळीच नव्हता. नानांनी अर्धं आयुष्य विहिरीवरच्या मोटरी हाकल्या. मोटर नुसती खोकली तरी तिला कुठे दुखतंय ते नानांना कळतं. ज्योतीराम आधी टेस्टर लावणार, मग मीटर लावणार, मग चेहरा पाडणार आणि शेवटी हळूच बरोबर तार धरणार. आणि दुधाचं तर नावच नको! एकदा नाना लग्नाला गेले असताना ज्योतीराम चंद्रीखाली बसला. तासाभराने बादलीत चंद्रीचा एक पाय होता. दूध नव्हतं.

म्हणजे दोन्ही कामांत नाना सरस. तरी सगळं गोडीत चाललं होतं. मग प्रजासत्ताक दिन आला.

झेंडावंदन झालं आणि सोसायटीचा सेक्रेटरी निरंजन माइकपाशी गेला. निरंजन घरातूनच कंपनीचं काम करतो, त्यामुळे माणसं समोर दिसली की त्याला भाषण येतं. "आपल्या सोसायटीचे जलदूत," तो म्हणाला, "ज्योतीरामजी!" टाळ्या! शाल! नारळ!

नानांचा राग म्हणजे जुनं डिझेल इंजिन. सुरू व्हायला एक झटका पुरतो, बंद करायचं बटण कुणालाच सापडत नाही.

"जलदूत?" घरी येऊन त्यांनी टोपी आपटली. "मी मोटरी चालवत हुतो तवा हा पाळन्यात हुता! मला कुनी नारळ दिला? साधी करवंटी तरी?"

"आवं, मंग घरात हायेत की नारळ, देऊ का एक?" शालनबाई, त्यांच्या पत्नी, भाजी निवडत म्हणाल्या.

"चेष्टा नगं! त्याच्यापेक्षा मोटर मला बरी कळती. म्हस तर त्याला कळतच न्हाई. दोन्ही मलाच बरं येतंय, तर त्याला फुकट दूध कशापायी पाजतोय मी? उद्यापास्नं मोटर बी मीच आन् म्हस बी मीच!"

"येतंय की तुमाला, कोन न्हाई म्हनतंय? पर तुमी म्हशीखाली बसल्यावर गच्चीवर कोन जानार, तुमची टोपी?"

नानांनी टोपी उचलून डोक्यावर घातली. ते तडक खाली गेले आणि ज्योतीरामच्या दारावर थाप मारली.

"उद्यापास्नं वर यायचं न्हाई. आन् दूध बंद. पिशवीचं आन!"

ज्योतीरामच्या अंगावर अजून शाल होती. "कामून नाना? मी काय केलं?"

"नारळ घेतलास!"

"बरं," ज्योतीरामही तापला. "मला तरी कुठं हौस हाय रोज गच्ची चढायची? बगू, किती दिवस जमतंय तुम्हाला!"

पहिल्या सकाळी नाना आधी गच्चीवर गेले. मोटर अशी सुरू केली की ज्योतीरामने बघून तोंडात बोटं घालावीत! पण टाकी भरेपर्यंत तिथून हलता येईना. खाली चंद्री हंबरायला लागली, दुधाची वाट बघून लोक बिनचहाचे कामाला गेले. बिनचहाचा माणूस काय असतो ते तुम्हाला माहीत आहे. एकाने निघता निघता गोठ्याच्या पत्र्यावर लाथ मारली.

दुसऱ्या सकाळी नानांनी शहाणपणा केला. आधी म्हैस, मग मोटर. दूध सगळ्यांना वेळेवर! फक्त पाणी नव्हतं. निरंजन डोक्याला शाम्पू लावून नळाखाली उभा होता. नळाने एक उसासा सोडला आणि गप्प झाला. तो तसाच टॉवेलवर जिने उतरून गोठ्यात आला. फेस कपाळावरून डोळ्यांत येत होता.

"नाना! दिस इज नॉट डन!"

"डोळे मीट आधी, चुरचुरतील."

"ऑलरेडी चुरचुरतायत! ऐका, उद्या सकाळी पाणीही वेळेवर आणि दूधही वेळेवर. एक जरी चुकलं ना, तरी ही गंभीर तक्रार धरणार मी. संध्याकाळी टेम्पो मागवणार. आळंदी!"

आळंदी हा शब्द ऐकून चंद्रीने शेपटी हलवली. तिला माशी बसली होती. पण नानांना वाटलं, तिला सगळं समजलं. ते तिच्या आणि निरंजनच्या मध्ये उभे राहिले आणि मोठ्याने ओरडले, "टेम्पो आन तर खरं! चाकातली हवा सोडतो!"

आता कुठलाही शहाणा माणूस पहिल्या मजल्यावर गेला असता, "ज्योतीराम, जाऊ दे" म्हणाला असता आणि प्रकरण मिटलं असतं. नानांनी मात्र विचार केला. काम दोन, ठिकाणं दोन, माणूस एक. माणूस दोन होत नाही. कामं कमी होत नाहीत. म्हणजे ठिकाणं कमी करायला पाहिजेत! मोटरचं पॅनल गच्चीवरून हलत नाही.

म्हैस हलते.

"तुमचं डोस्कं ठिकानावर हाय का?" शालनबाई किंचाळल्या.

"ती मोठी लिफ्ट पार गच्चीपातुर जाती. तिच्यातनं कपाटं नेत्यात, पलंग नेत्यात. चंद्री काय पलंगापेक्षा मोठी हाय? वर टाकी भरत राहील, बाजूला मी धार काढीन. पानी बी टायमात, दूध बी टायमात! हाय का अक्कल त्या जलदूताला?"

तिसऱ्या सकाळी नानांनी वर जाऊन मोटर सुरू केली. एकदम झकास. मग मूठभर पेंड, बादली आणि दावं घेऊन ते लिफ्टने खाली आले. चंद्री पेंडीच्या मागे मुकाट लिफ्टमध्ये शिरली. आत आरसा होता. आपल्यासमोर दुसरी म्हैस आधीच उभी आहे हे बघून ती जरा नाराज झाली, पण पेंड एकटीलाच मिळतेय म्हटल्यावर शांत झाली.

लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली. दार उघडलं. बाहेर इंदुताई, फिरायला निघालेल्या, पायात पांढरे बूट. त्यांनी नानांकडे पाहिलं. चंद्रीकडे पाहिलं.

"वर चाललीय की खाली?"

"वर."

"मला खाली जायचंय," इंदुताई म्हणाल्या, आणि दार बंद झालं.

पण ह्या थांब्यात आणि चंद्रीला आत घेण्याच्या लाडीगोडीत वेळ गेला होता, आणि वर टाकी भरली होती. मोटर बंद करणारा हात त्या वेळी दावं धरून लिफ्टमध्ये उभा होता. पाणी टाकीवरून गच्चीवर, गच्चीवरून पॅनलमध्ये! फाट्! मोटर गेली, दिवे गेले, लिफ्ट जागच्या जागी थांबली. बॅटरीवरचा एक मिणमिणता बल्ब तेवढा राहिला.

चंद्रीने हंबरडा फोडला. लिफ्टच्या बोगद्यातून तो सगळ्या मजल्यांवर पोचला. प्रत्येक घराला वाटलं, म्हैस आपल्याच हॉलमध्ये आहे. निरंजन ऑफिसच्या कॉलवर होता. पलीकडच्या साहेबाने अदबीने विचारलं, "निरंजन, यू वॉन्ट टू अॅड समथिंग?"

शालनबाई पळत ज्योतीरामकडे गेल्या. तो कंपनीचे बूट घालत होता. पुढ्यात कोरा चहा.

"ज्योतीराम, चल बाबा, हे अडकलेत!"

"मला कुठं काय येतंय वैनी? नानालाच सगळं येतंय. माझी बस निघायलीय."

"त्यांना येतंय रे! पर ते हायेत लिफ्टमदी!"

"मंग?"

"आन् चंद्री बी. आज चुकलं तर सांजच्याला ती आळंदीला जाती. ती गेली तर ह्यांचं काय हुईल, तुला ठावं हाय."

ज्योतीरामने कोऱ्या चहाकडे पाहिलं. मग शिव्या देत, पण पक्कड घेत, तो जिने चढायला लागला. खाली कंपनीची बस हॉर्न मारून मारून निघून गेली.

"कोन हाय वर?" लिफ्टमधून नानांचा आवाज.

"जलदूत!"

आत बादली आपटली. मग, "आधी मेन बंद कर! मंग डावीकडची लाल तार!"

"बघायलोय ना!"

"बघत काय बसतोस? मी असतो तर एव्हाना तीनदा झालं असतं!"

"झालं असतं की!" ज्योतीराम बोगद्यात तोंड घालून ओरडला. "तुम्ही माझ्यापेक्षा भारी हाव, कबूल! पण तुम्ही आत हाव!"

नानांनी इकडेतिकडे पाहिलं. आरशात एक संतापलेला म्हातारा आणि दोन म्हशी.

"मंग आता मी काय करू?"

"बसल्या जागी दूध काढा! ते मला जमत न्हाई!"

नाना रागारागाने बादली घेऊन खाली बसले. वर ज्योतीराम एकेक तार पुसत होता, मीटर लावत होता, स्वतःशी बडबडत होता. खाली बादलीत धारा वाजत होत्या. दोघेही एकमेकांना मनसोक्त शिव्या घालत होते आणि दोघांचंही काम चाललं होतं. टाकी तर आधीच भरलेली होती.

लिफ्टला धक्का बसला आणि ती सावकाश खाली आली. दार उघडलं तेव्हा बाहेर अख्खी सोसायटी उभी होती. नाना बाहेर आले, हातात फेसाळ दुधाने काठोकाठ भरलेली बादली. मागून चंद्री, चेहऱ्यावर घरमालकिणीचा भाव. मग इंदुताईंनी हळूच पातेलं पुढे केलं, आणि रांग लागली. पाणीही वेळेवर, दूधही वेळेवर! आणि तेही ज्योतीरामच्या मदतीने! नानांचा संताप अनावर झाला.

"हे गंभीर आहे, नाना," निरंजन म्हणाला. "पाणी वेळेवर, दूध वेळेवर, मान्य. पण लिफ्टमध्ये म्हैस! मी आत्ताच्या आत्ता लिहून काढतो, लिफ्टमध्ये म्हैस नेल्यामुळे..." तो एकदम थांबला. लिफ्टच्या देखभालीच्या करारात जनावर नेल्यास करार रद्द, असं स्वच्छ लिहिलेलं त्याला आठवलं. म्हैस काढायची तर ती लिफ्टमध्ये होती असं लिहावं लागणार. तसं लिहिलं की लिफ्ट गेली. सातव्या मजल्यावर कोण राहतं? निरंजन!

त्याने पेन खिशात ठेवलं. "काहीही घडलेलं नाही," तो जाहीरपणे म्हणाला. "शेण मात्र पुसून घ्या."

चंद्री आहे तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे नाना गोठ्यात बसले आणि ज्योतीराम गच्चीवर गेला. ज्योतीरामच्या दारात दुधाचं भांडं वेळेवर पोचलं, जरा जोरात आपटलेलं. संध्याकाळी नानांनी समितीकडे अर्ज दिला. तो आजही विचाराधीन आहे:

'प्रति, मा. सेक्रेटरीसाहेब. विषय: एकाच वेळी दोन ठिकाणी हजर राहण्याची परवानगी मिळणेबाबत. महोदय, अर्जदार हा म्हैस व मोटर ही दोन्ही कामे श्री. ज्योतीराम यांच्यापेक्षा सरस करतो, याची प्रथम नोंद घ्यावी. तरी अर्जदारास रोज सकाळी एकाच वेळी गोठ्यात व गच्चीवर हजर राहण्याची लेखी परवानगी देण्यात यावी, अथवा समितीने अर्जदारासाठी रोज आणखी एका सकाळची सोय करावी. सदर परवानगी मिळेपर्यंत मोटरचे काम श्री. ज्योतीराम यांच्याकडे निव्वळ तात्पुरते ठेवण्यास अर्जदाराची नाइलाजाने हरकत नाही. कळावे.'