मुनीरभाईंचा पिच्चर

मुनीरभाई कुणालाही नाव विचारत नाहीत. चौसाळ्याजवळच्या आमच्या गावात दूध सोसायटीच्या केंद्रावर ते दुधाची फॅट काढतात. नवा माणूस किटली घेऊन आला, की चष्मा कपाळावर चढवून ते दोनच प्रश्न करतात, "कोन्त्या दुष्काळाचे? अन् पिच्चर कोन्ता?"

माणसाची पिढी दुष्काळावरून ठरते, असं त्यांचं शास्त्र. बहात्तरला दुष्काळी कामावर सुकडी खाऊन वाढले ते सुकडीवाले. पुढे रांगेत घागर धरून मोठे झाले ते टँकरवाले. ज्यांचं बालपण जनावरांच्या छावणीत गेलं ते छावणीवाले.

"सुकडीवाला ताटात शीत सोडत न्हाई," ते सांगतात. "टँकरवाला लग्नाच्या पंगतीत बी म्होरं घुसतो. अन् छावणीवाल्याला मान्सापरीस म्हशीचं लई कळतं."

हा झाला अर्धा माणूस. उरलेला अर्धा त्याच्या आवडत्या सिनेमात. सिनेमाचं नाव मुनीरभाईंना लागत नाही. रडका का मारामारीचा, शेवटी हीरो जगतो का मरतो, एवढं पुरतं.

एकदा जिल्ह्याहून तपासणीला एक साहेब आले. सभासदांच्या रजिस्टरात त्यांना पेन्सिलीने आखलेले दोन जादा रकाने सापडले. सरपंचांच्या नावापुढे लिहिलं होतं, 'टँकर. रडका.'

"हे काय आहे?" साहेब कडाडले.

"वळख हाय साहेब. अंगठा कुनाचा बी उमटतो. मानूस कसा वळखावा? तुमचा पिच्चर कोन्ता?"

"मी सिनेमा बघत नाही."

मुनीरभाई चेअरमनकडे वळले. "मंग तपासनी कुनी केली म्हनून लिहायचं?"

चेअरमनना खोकला आला. साहेब तरातरा जीपमध्ये जाऊन बसले. जीप सुरू झाली, तशी त्यांनी काच खाली केली आणि हळूच म्हणाले, "भुताचे. पण घरी बघू देत नाहीत."

माझी पत्नी सुमन याच सोसायटीची सभासद. म्हशी तिच्या, दूध तिचं. माझ्याकडे शाळा आणि पुस्तकं. मागच्या उन्हाळ्यात ती गेली. मी केंद्रावर जाणं सोडाच, ओट्यावर बसणंही बंद केलं. दूध शेजारी घालून येत.

एका दुपारी मुनीरभाई आले. पाणी प्यायले, चहा नको म्हणाले. मग विचारलं, "मास्तर, भाबीचा पिच्चर कोन्ता?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी उठून आत गेलो असतो. इथे मात्र आठवू लागलो. तिला मेथी आवडत नसे. झोप उजव्या कुशीवरच लागे. पाऊस लांबला की ती आभाळाशी बोलणं टाकी. एवढं सगळं माहीत होतं, आणि हे माहीत नव्हतं.

"नाही ठाऊक," मी म्हणालो. आता विचारायचं कुणाला? तिचं जे मला कळायचं राहिलं, ते तसंच कायमचं राहणार.

"मला ठाव हाय," मुनीरभाई म्हणाले.

मागच्या दुष्काळात सोसायटीने छावणी लावली होती. सुमन दोन महिने म्हशींबरोबर तिथेच राहिली. माझ्या शाळेत परीक्षा होत्या. छावणीत दर आठवड्याला, दिवस मावळला की, चादर बांधून सिनेमा दाखवत. वाऱ्याने चादर उडे, म्हणून मुनीरभाई कडेचा बांबू धरून उभे राहत. पाठ पडद्याकडे, तोंड लोकांकडे.

"एक हीरो व्हता म्हनं. पुस्तक वाचत चालायचा अन् खांबाला धडकायचा. वरून खांबाचीच माफी मागायचा. भाबी इतक्या हसल्या, पदर तोंडात कोंबला! बाया म्हनल्या, काय झालं गं? तर म्हनतात कशा, 'अगं, हे तर आमचंच येडं!' चार डाव लावायला लावला तो पिच्चर."

विजेच्या खांबाची माफी मी मागितली आहे. भर बाजारात, तिच्यादेखत. तेव्हा ती काही बोलली नव्हती.

मी हसलो. कितीतरी महिन्यांनी. हसता हसता डोळे पुसावे लागले. मुनीरभाई तेवढा वेळ छताकडे बघत बसले.

मग मी विचारलं, "आणि तुमचा कोणता, मुनीरभाई?"

ते दचकले. चष्मा कपाळावरून काढला, पुसला, हातातच ठेवला.

"मी कुठं बघितला? दोन्ही टायमाचं दूध. सुट्टी कवा? आमची घरवाली जैतून जायची बीडला, बहिनीकडं. पिच्चर बघून आली की चुलीम्होरं सगळा करून दाखवायची. हीरो बी तीच, गुंडा बी तीच. तेवढेच बघितले. ती गेली, पिच्चर बंद झाले. म्हनून मंग गावाला इचारत बसतो."

मी उठलो आणि न विचारता चहा ठेवला. आतूनच म्हणालो, "मग दाखवा की एखादा."

"मी? येडे का काय, मास्तर!"

पण चहा घेऊन बाहेर आलो, तेव्हा साठी उलटलेला तो भरदार माणूस डोक्यावरून टॉवेलचा पदर घेऊन ओसरीच्या मधोमध उभा होता. हीरॉईन म्हणून लाजला. गुंडा म्हणून मिशी पिळली. मग एकदम थांबला.

"हितं एक गानं हाय. पर जैतून ते सोडून द्यायची. आवाज चांगला न्हवता तिचा. माजा बी न्हाई."

मी कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसलो.

"गाणं सोडू नका," मी म्हणालो.