प्रमाण नागरिक आणि टाकीमागची टेकडी

सुट्टीच्या दिवशी कुठल्या टेकडीवर जावं हे शहरातल्या लोकांना कळेनासं झालं, तेव्हा आमच्या कक्षाची स्थापना करण्यात आली. त्यापूर्वी लोक सरळ उठून जवळच्या टेकडीवर जात आणि दमले की खाली येत. या पद्धतीत नियोजनाचा संपूर्ण अभाव होता.

कक्षाचं नाव 'पायवाट निवड व वर्गीकरण कक्ष'. दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला. मी तिथे वरिष्ठ लिपिक आहे. शहरात आणि आसपास मिळून एकूण एक्केचाळीस पायवाटा. त्यांतल्या एकीवरही मी आजवर पाऊल ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे माझ्या निःपक्षपातीपणावर बोट ठेवायची कोणाची टाप नव्हती.

वाट क्रमांक सदतीस म्हणजे पाण्याच्या टाकीमागची टेकडी. ती आमच्या घराच्या खिडकीतून दिसते. एका संध्याकाळी वडील तिच्याकडे बघत म्हणाले, "अडीच महिन्यांनी गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्याच्या आत एकदा तिथे जाऊन यायचंय. तू चल माझ्याबरोबर."

वडिलांनी आयुष्यभर घरोघर टपाल वाटलं. गुडघे त्यातच झिजले.

"ऑपरेशननंतर आरामात जाऊ की," मी म्हणालो.

"नंतर डॉक्टर काय करून ठेवतोय कोण जाणे. मला माझ्या स्वतःच्या गुडघ्यांवर जायचंय. लहानपणी तुला खांद्यावर बसवून नेलं होतं. आता तू नुसता शेजारून चाल, तेवढं पुरे."

"बाबा, त्या वाटेचं अजून वर्गीकरण झालेलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ती सोपी, मध्यम की कठीण, ते ठरायचंय."

"अरे, मी सांगतो ना! चढ आहे. वर पोचलं की संपतो."

"तुम्ही लाभार्थी आहात. तुमचं मत ग्राह्य धरता येत नाही."

त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं, की मी पेपर तोंडासमोर धरला. पण माझाही नाइलाज होता. कारण त्याच आठवड्यात साहेबांनी बैठकीत एक मूलभूत प्रश्न उपस्थित केला होता. "कठीण, कठीण म्हणता. पण कोणाला कठीण?"

तीन तास कोणी काही बोललं नाही. शेवटी असं ठरलं, की सरासरी नागरिकाला जे कठीण ते कठीण. मग सांख्यिकी शाखेला पत्र गेलं आणि उत्तर आलं: वय एकोणचाळीस, वजन एकाहत्तर किलो, रविवारी उठण्याची वेळ सव्वानऊ, दोन मजले चढल्यावर धाप. वर्णन वाचताच सगळ्यांना तळमजल्यावरच्या अभिलेख कक्षातला कारकून आठवला. त्याला वर बोलावलं. तो आला आणि दाराची चौकट धरून उभाच राहिला. तोंडातून शब्द फुटेना. साहेबांचे डोळे भरून आले.

त्याला 'प्रमाण नागरिक' म्हणून नेमण्यात आलं. आम्ही मात्र त्याला सरासरी म्हणू लागलो.

कामाची पद्धत शास्त्रीय होती. सरासरीनं वाट चढून यायची, मी खाली जीपमध्ये बसायचं. तो परत आला की मी विचारायचो, "कसं वाटलं?" तो "बरं वाटलं" म्हणाला तर सोपी. "बाप रे" म्हणाला तर मध्यम. काहीच बोलू शकला नाही तर कठीण. पहिल्या चार वाटा कठीण निघाल्या. पुढच्या पाच मध्यम. त्यानंतरच्या झाडून सगळ्या सोप्या. मला वाटलं, वाटाच तशा असतील. पण पंधराव्या वाटेवरून हा पठ्ठ्या शीळ घालत उतरला आणि विचारतो कसा, "अजून एखादी आहे का हो आज?"

त्याच दिवशी त्याला काट्यावर उभा केला. चौसष्ट किलो! सरकारी कामाच्या वेळात या गृहस्थानं तब्येत सुधारून घेतली होती.

"उरलेलं वजन कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"टेकडीवर राहिलं, साहेब."

"परवानगी घेतली होती?"

पंधराच्या पंधरा वाटांचं वर्गीकरण रद्द झालं. प्रमाण नागरिकाला मूळ स्थितीत आणण्याचा आदेश निघाला. चालणं बंद, जिना बंद, ये-जा फक्त त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या लिफ्टनं. गादीची खुर्ची. अकरा आणि चार वाजता केक. त्याची बायको तणतणत आली. "अहो, लग्नाला बारा वर्षं झाली, पहिल्यांदाच हा माणूस रविवारी माझ्याआधी उठायला लागला होता!"

"बाई, काळजी करू नका," साहेब म्हणाले. "आम्ही त्यांना पूर्ववत करून देऊ."

यापुढे एक वाट चढली की एकवीस दिवस सक्तीची विश्रांती, असाही नियम झाला, म्हणजे तो पुन्हा बिघडायला नको. मी हिशेब मांडला. सदतीस क्रमांकाची पाळी दोन वर्षांनी येत होती. ऑपरेशन तर एका महिन्यावर आलेलं.

घरी वडिलांना तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ते आमच्या ऑफिसात! दुखऱ्या गुडघ्यांनी दोन मजले चढून, वाट तातडीच्या यादीत घ्यावी म्हणून रीतसर अर्ज घेऊन आलेले. तासभर बाकावर बसले. शेजारी सरासरी अकराचा केक खात होता. अर्ज फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला. अर्जदार वर्गीकरण लिपिकाचे जन्मदाते असल्याचं माझ्या लक्षात आलं, आणि हितसंबंधाच्या कारणावरून मी तो नामंजूर केला. पोचपावती मात्र लगेच दिली. त्यांनी ती चार घड्या करून खिशात ठेवली आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. पण नियम मीच लिहिलेला होता.

इकडे सरासरीचं वजन काही केल्या वाढेना. केक दुप्पट केले तरी काटा चौसष्टवर अडून बसलेला. कॅन्टीनवाल्यावर संशय घेऊन झाला.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी बायकोनं मला सहा वाजता हलवलं. "अहो, बाबा घरात नाहीत."

मी खिडकीशी गेलो. टेकडीवर दोघे जण चढत होते. एकाची चाल मी जन्मापासून ओळखतो. दुसरा मध्येच थांबून त्याला हात देत होता. सरासरी! वर्गीकरण न झालेली वाट, नामंजूर अर्जदार आणि वर प्रमाण नागरिकाची राजरोस नासधूस. मी नोंदवही घेतली आणि तसाच चपला घालून धावलो.

अर्ध्या चढावर माझं अवसान संपलं. एका खडकावर मटकन बसलो. छातीत धडधड चालली होती, पायांत गोळे आले होते, आणि वारा असा काही सुटला होता की कबूल करतो, मजा येत होती. खाली आमचं घर काडेपेटीएवढं दिसत होतं.

"ये रे!" वरून वडिलांचा आवाज आला. ते पोचले होते. "थोडंच राहिलंय!"

मला खरंच जायचं होतं. दोनदा उठलो आणि दोनदा बसलो. शेवटी तेच हळूहळू उतरून माझ्यापाशी आले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे. नवे गुडघे बसले की पुढच्या खेपेला आपण दोघं मिळून वरपर्यंत जाऊ."

"नक्की," मी म्हणालो.

सोमवारी मी घडला प्रकार जसाच्या तसा लिहून साहेबांपुढे ठेवला. मी अर्ध्यावर बसलो हेही लिहिलं. कर्तव्य म्हणजे कर्तव्य. साहेबांनी अहवाल दोनदा वाचला, सरासरीला पदमुक्त केलं आणि मग बराच वेळ माझ्याकडे टक लावून बघत राहिले.

"तुमचं वय?"

"एकोणचाळीस."

"वजन?"

मी पोट आत ओढून घेतलं. त्यांनी काटा मागवला. एकाहत्तर.

वडिलांचं ऑपरेशन छान झालं. आता ते दर रविवारी सरासरीबरोबर टाकीमागच्या टेकडीवर जातात. निघताना माझ्या दारात क्षणभर थांबतात, पण हल्ली विचारत नाहीत. वर पोचले की आमच्या खिडकीच्या दिशेनं हात हलवतात. मीही हलवतो. एका मिनिटापेक्षा जास्त वेळ हात हलवायला मला मनाई आहे.

माझ्यावर पडणारा ताण लक्षात घेऊन कक्षानं 'पर्यायी प्रमाण नागरिक' असं एक पद निर्माण केलं आहे. त्यासाठी अर्ज मागवलेले नाहीत, कारण जो अर्ज करायला जागचा उठेल तो सरासरी कसला? उमेदवार आम्हीच शोधतो. त्यासाठी टेकड्यांच्या वाटांवरचा एक लांबलचक मजकूर लिहून लोकांपुढे ठेवायचा आणि तो बसल्या जागी शेवटपर्यंत कोण वाचतो ते बघायचं, असं ठरलं. तो मजकूर इथे संपला. अभिनंदन. नेमणुकीचा आदेश घरपोच येईल, दार उघडायला कोणाला तरी पाठवा. आपण स्वतः उठू नये.