चौथऱ्याखालची जागा

सुताराच्या बायकोने पिशवीत सगळ्यात आधी कापूस ठेवला. ती दवाखान्यात नर्स होती, त्यामुळे आवाजाच्या ठिकाणी जाताना काय लागतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ‘सातवा मजला’ हा रॉक बँड तिच्या नवऱ्याने बावीस वर्षं डोक्यावर घेतला होता. त्यांचे गावोगावचे एकवीस कार्यक्रम त्याने पाहिले होते. कधी बसमध्ये उभ्याने जाऊन, कधी मालाच्या ट्रकमध्ये प्लायवुडच्या शेजारी बसून. आणि एकवीसही वेळा त्याला जागा मिळाली ती पार मागे, जिथून ड्रमवाला जेमतेम बोटाएवढा दिसतो. आता बँड फुटणार होता. आजचा कार्यक्रम शेवटचा, असं त्यांनीच जाहीर करून टाकलं होतं, आणि नेमकी याच कार्यक्रमाची दोन तिकिटं सुताराला मिळाली होती पहिल्या रांगेची, अगदी कठड्याला टेकून उभं राहायची.

“अहो, पण मी येऊन करू काय? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही,” बायको म्हणाली.

“कळायचं काही नसतं त्यात. नुसतं उभं राहायचं,” सुतार म्हणाला. बावीस वर्षं जे तिला सांगून सांगून थकला होता, ते आज एकदा दाखवायचं, एवढीच त्याची इच्छा होती.

कार्यक्रम दुपारी चारचा होता, म्हणून सुतार बायकोला घेऊन बारालाच मैदानावर हजर झाला. फाटक बंद होतं, पण आत तालीम चालली होती आणि पत्र्याच्या कुंपणावरून आवाज येत होता. सुताराने डोळे मिटून घेतले. बायकोने कापूस काढला. पाचएक मिनिटांनी त्याने एक डोळा उघडला आणि काहीतरी करकरतंय म्हणाला. सगळंच करकरतंय, असं बायकोचं मत पडलं.

पण सुताराला या बँडचं प्रत्येक गाणं हातोडीच्या मुठीइतकं ओळखीचं होतं. ड्रमच्या दर चौथ्या ठोक्यामागे, अर्धा क्षण उशिराने, एक बारीकसा आवाज येत होता. तो वाद्याचा नव्हता, लाकडाचा होता. सांधा ढिला झालेला पाय नेमका याच सुरात तक्रार करतो. त्याला काही राहवेना. तो फाटकावरच्या रखवालदाराकडे गेला आणि म्हणाला, मी सुतार आहे, ड्रमखालचा चौथरा एका पायात गेलाय, त्यांना सांगा. रखवालदाराने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. काळी पँट, काळा शर्ट, म्हणजे आतल्या कामगारांचाच वेश. खरं तर तो चाहत्यांचाही वेश होता, पण सवयीने कानावर राहिलेल्या पेन्सिलीने निकाल लावला. रखवालदार वॉकीटॉकीवर म्हणाला, “सुतार आला एकदाचा.”

आत चौथरा डुगडुगतोय म्हणून सकाळपासून सुताराला दोनदा फोन झाले होते. तो कुणी दुसराच सुतार होता आणि तो शेवटपर्यंत आला नाही, पण ते कळायला उशीर झाला. मंचाचं सगळं काम बघणारा मुकादम धावत आला, त्याने याचं मनगट धरलं आणि चालू लागला. सुताराने मान वळवून बायकोला कसंबसं सांगितलं, “तू जागा धर, मी पाच मिनिटांत आलोच.”

मंचाच्या पायऱ्या चढताना तिकिटाचं सांगायचं त्याच्या ओठांवर होतं. पण वर पोचला आणि समोर ड्रम दिसले. बावीस वर्षं बोटाएवढे पाहिलेले ते ड्रम आता हातभर अंतरावर होते, कडांवर चरे पडलेले, एकाच्या कातड्यावर घामाचा डाग. तिकिटाचं सांगायचं राहूनच गेलं. त्याने एका ड्रमच्या कडेला करंगळी लावली आणि चटका बसल्यासारखी मागे घेतली. “मिस्त्री, काम खाली आहे,” मुकादम म्हणाला आणि त्याने त्याला चौथऱ्याखाली घातलं.

दुखणं सुताराने सांगितलं तेच निघालं. मागचा डावा पाय बँडबरोबर गावोगाव फिरताना पावसापाण्यात भिजून भिजून सांध्यात मऊ झाला होता. शेजारच्या खोक्याच्या पट्टीतून त्याने चाकूने पाचर काढली, मुकादमाने दिलेल्या लाकडी मोगरीने ठोकून बसवली आणि वर कुणाला तरी ड्रम वाजवायला सांगितलं. आवाज गेला. वीस ठोक्यांनंतर पाचर बोटभर बाहेर आली आणि आवाज परतला. म्हणजे दर थोड्या वेळाने ती आत ठोकायला हवी. मुकादमाने ऐकून घेतलं आणि कार्यक्रम संपेपर्यंत इथेच बसायला सांगितलं. आता मात्र सुताराने खिशातून तिकीट काढलं. मुकादमाने ते शांतपणे वाचलं आणि परत दिलं.

“मग जा की. ड्रमवाला वरून पडला तर तुम्हाला पहिल्या रांगेतून चांगलं दिसेल.”

आणि मोगरी दुसरीकडे हवी म्हणून तो घेऊनही गेला.

सुतार तिकीट हातात धरून घुटमळत होता, तेवढ्यात डोक्यावरच्या फळ्यांवर दोन जोडी पावलं आली. आवाज त्याने लगेच ओळखले. गिटारवाला आणि ड्रमवाला.

“शेवटचं तरी नीट वाजव. दीड वर्ष झालं, दर चौथ्या ठोक्याला तू रेंगाळतोस.”

“मी रेंगाळत नाही. तुला ऐकू येतं ते मी वाजवतच नाही.”

“मग कोण वाजवतं? भूत?”

पावलं दोन दिशांना निघून गेली. खाली सुतार त्या मऊ पायाकडे बघतच राहिला. बँड कशावरून फुटतोय याच्या शंभर कहाण्या त्याने ऐकल्या होत्या, पैसा, गर्व, कुणाची बायको. आणि खरं कारण त्याच्या नाकासमोर उभं होतं, अडीच इंच जाडीचं. त्याने ओरडून सांगायला डोकं बाहेर काढलं, तर मुकादमाने ते हाताने परत आत ढकललं. मैदानात फाटक उघडल्याची लाट उठली. आता त्याच्या ठिकाणी दुसरा कुणी असता तरी गेला नसता. सुताराने तिकीट खिशात घातलं आणि पायातला बूट काढला.

पहिला ठोका पडला आणि त्याला वाटलं, आपण घंटेच्या आत बसलोय. आवाज कानातून येत नव्हता, फळ्यांतून, पायातून, मांडीच्या हाडातून येत होता. एकवीस कार्यक्रमांत जे वाऱ्यावर भरकटत त्याच्यापर्यंत यायचं, ते इथे अख्खंच्या अख्खं अंगावर कोसळत होतं. त्याला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं, कारण बघायला कोणी नव्हतं आणि हात रिकामा नव्हता. पाचर बाहेर यायला लागली की बुटाच्या टाचेने ती आत घालायची होती. पण नुसती ठोकली असती तर तोही एक जादा आवाज झाला असता. म्हणून तो ठोक्यावरच ठोकत होता. ठोका कुठे पडणार हे त्याला बावीस वर्षांपासून माहीत होतं. दोन तास तो एकदाही चुकला नाही. शेवटच्या गाण्याच्या शेवटी ड्रमवाला स्टुलावरून उडी मारतो हेही त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याआधीच तो पाठ वाकवून फळीला भिडला. उडी पडली. सुतार तिथेच आडवा झाला, पण चौथरा हलला नाही.

लोकांचा आवाज ओसरेपर्यंत तो तसाच पडून होता. मग वरून गिटारवाला म्हणताना ऐकू आला, “एकदाही रेंगाळला नाहीस आज.” नंतर दोघांपैकी कुणीतरी जोरात नाक शिंकरलं आणि पुढच्या महिन्याच्या तारखांचं बोलणं सुरू झालं.

मुकादमाकडून ढिल्या पायाचं कळल्यावर ड्रमवाला स्वतः गुडघे टेकून चौथऱ्याखाली डोकावला. तोपर्यंत नवऱ्याला शोधत बायकोही तिथे पोचली होती. तिचे केस विस्कटले होते, आवाज बसला होता आणि कानात कापूस नव्हता.

या भेटीसाठी सुताराने बावीस वर्षांत मनात निदान तीन भाषणं तयार केली होती. त्यातलं एकही आठवेना.

“आमची गाणी ऐकता का कधी?” ड्रमवाल्याने विचारलं.

“अधूनमधून,” सुतार म्हणाला.

“या पायाची पक्की दुरुस्ती होईल ना?”

सुताराने आजवर लाकडाबद्दल कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. त्याने पायावरून हात फिरवला आणि ड्रमवाल्याच्या तोंडाकडे पाहिलं. “नाही,” तो म्हणाला. “या लाकडाची नाही होत. दर कार्यक्रमाला खाली माणूस बसवावा लागेल.”

“अहो, पण आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाचा पाय तर तुम्ही—” बायकोने सुरुवात केली. तेवढ्यात तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला. लग्नाच्या दिवशीही तो असा दिसला नव्हता. तिने घसा साफ केला आणि ड्रमवाल्याला सांगितलं, “यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमायचं नाही ते.”

दोघं बस थांब्याकडे निघाली. सुतार एका पायाने लंगडत होता, कारण बुटाची टाच चौथऱ्याखालीच राहिली होती.

“किती वेळाचं काम आहे हो ते, खरं सांगा,” बायको म्हणाली.

“अर्ध्या तासाचं.”

ती चार पावलं चालली.

“मग घाई करू नका,” ती म्हणाली. “आणि पुढच्या वेळीही मला पहिल्याच रांगेत उभं करायला सांगा.”